पाद्र्याची विमानकंपनी

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर एस्बियर्ग नावाचं बंदर आहे. तिथून थोडं पूर्वेला, सपाट शेतांच्या मधोमध, ट्येरबोर्ग हे लहानसं गाव लागतं. आयलिफ क्रोगागेर हे या गावच्या चर्चचे पाद्री होते. रविवारची प्रार्थना, बारसं, लग्न, अंत्यविधी अशी त्यांची कामं ठरलेली होती. १९५० साली त्यांनी सत्तरेक माणसं जमवली, बसगाड्या ठरवल्या आणि सगळ्यांना घेऊन ते स्पेनला जाऊन आले. गावच्या पुजाऱ्यानं वर्गणी काढून गाडी ठरवावी आणि अख्ख्या आळीला काशीला नेऊन आणावं, तसाच हा प्रकार होता. फरक एवढाच की या यात्रेच्या शेवटी देऊळ नव्हतं, ऊन होतं.

या सहलीतून पुढे ‘ट्येरबोर्ग’ याच नावाची प्रवासकंपनी उभी राहिली आणि त्या कंपनीच्या पोटी १९६२ साली ‘स्टर्लिंग एअरवेज’ जन्मली. युरोपातल्या सर्वांत मोठ्या खासगी चार्टर, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय अख्खं विमान भाड्यानं देणाऱ्या, विमानकंपन्यांमध्ये एके काळी तिची गणना होत असे. आज ती नाही. मुंबईच्या आकाशाशी जोडलेल्या जुन्या अपघातांविषयी वाचताना मला तिचं नाव पहिल्यांदा भेटलं. तिच्या एका अपघाताकडे पुढे येतेच, पण आधी पाद्रीबाबांविषयी लिहायला हवं. त्यांना वगळलं, तर स्टर्लिंग ही बंद पडलेल्या शेकडो विमानकंपन्यांपैकी आणखी एक एवढीच उरते.

१९५०चा डेन्मार्क म्हणजे जर्मन ताब्यातून सुटून पाच वर्षं झालेला देश. नोकरदाराला पगारी रजा देणारा कायदा तिथे १९३८ सालीच झाला होता, वर्षाला दोन आठवड्यांची. रजा कायद्यानं मिळाली होती, पण ती घालवायची कुठे? परदेश हा श्रीमंतांचा प्रांत होता. विमानाचं तिकीट शिक्षकाच्या, सुताराच्या, दुकानातल्या मुलीच्या आवाक्यातलं नव्हतं. क्रोगागेर यांना हे खटकत होतं. जग पाहण्याचा हक्क पैशाच्या थैलीवर ठरू नये, असं मानणारा हा माणूस होता आणि तसं मानून तो गप्प बसला नाही. सहलींचा कारभार सुरुवातीला पाद्र्याच्या राहत्या घरातूनच चाले. मधले दलाल वगळायचे, माहितीपुस्तक थेट लोकांच्या घरी पाठवायचं, तिकीट थेट विकायचं आणि दलालीचे जे पैसे वाचतील ते किमतीतून कमी करायचे, ही त्यांची पद्धत. पुढे कंपनी स्वीडन, फिनलंड, जर्मनी, ब्रिटनमध्ये गेली तेव्हाही त्यांनी ती सोडली नाही.

उत्तर युरोपातून भूमध्य समुद्रापर्यंत बसनं जायचं म्हणजे दोन आठवड्यांच्या रजेतले कितीतरी दिवस रस्त्यातच जात. विमान हाच त्यावर उपाय होता. मात्र दुसऱ्याच्या विमानावर विसंबलं, तर भाडं त्यानं सांगायचं आणि वेळही त्यानंच ठरवायची. म्हणून स्वतःची कंपनी. स्विसएअरनं वापरलेली डग्लस डीसी-६बी जातीची दोन विमानं घेऊन स्टर्लिंग उडायला लागली. चार पंख्यांची ही विमानं संथ आणि गोंगाट करणारी होती, पण भक्कम होती. नोव्हेंबरात दुपारी साडेतीन-चारला अंधार पडणाऱ्या देशातली माणसं त्यांत बसून त्याच दिवशी स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या उन्हात उतरू लागली. त्यांतल्या कित्येकांचा तो आयुष्यातला पहिला विमानप्रवास असणार.

स्टर्लिंग मात्र कुणालाही नुसतं तिकीट विकू शकत नव्हती. १९४४च्या शिकागो कराराने जगातली विमानसेवा दोन भागांत वाटून ठेवली होती. वेळापत्रकानुसार उडणारी एक, आणि बाकी सगळी दुसरी. पहिलीचे हक्क सरकारं एकमेकांशी वाटाघाटी करून ठरवत आणि आपापल्या राष्ट्रीय कंपनीला देत. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांनी मिळून एसएएस ही सामाईक कंपनी उभारली होती. वेळापत्रक, मोठी शहरं, व्यापारी प्रवासी, टपाल हे सारं तिचं. उरलेली ती चार्टरची. १९५६च्या पॅरिस करारानं युरोपात या उरलेल्या भागाला थोडी मोकळीक दिली, तरी अटी होत्याच. चार्टर कंपनीनं विमान अख्खं सहलकंपनीला द्यायचं आणि सहलकंपनीनं राहण्याच्या सोयीसकट एकत्रित सहल विकायची. नुसती खुर्ची विकायची नाही. मग ज्यांना हॉटेल नकोच असायचं, त्यांच्या हाती नावापुरत्या निवाऱ्याचा कागद दिला जाई. कायद्याची पूर्तता व्हायची आणि तो प्रवासी पाठपिशवी घेऊन ग्रीसच्या कुठल्याशा बेटावर निघून जायचा.

विमानवाहतुकीच्या इतिहासात चार्टर कंपन्यांना जागा मिळत नाही, त्याचं मूळ या वाटणीत आहे असं मला वाटतं. राष्ट्रीय कंपनीच्या शेपटीवर झेंडा असतो. तिच्या विमानातून पंतप्रधान उतरतात, तिची टपाल तिकिटं निघतात, तिचं वेळापत्रक छापलं जातं आणि कुणीतरी ते जपून ठेवतं. चार्टरचं विमान पहाटे तीनला, मुख्य इमारतीपासून लांब उभं राहतं. त्यातली माणसं कुठल्याही दस्तऐवजात येत नाहीत. पण साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातल्या सामान्य माणसाला विमानात प्रथम कुणी बसवलं हे पाहिलं, तर बहुतेक वेळा उत्तर या बिनवेळापत्रकाच्या कंपन्यांकडेच जातं. स्पेनमध्ये १९६० साली सुमारे ६० लाख परदेशी पाहुणे आले होते, १९७३मध्ये तो आकडा ३ कोटी ४० लाखांच्या आसपास पोचला. त्यातले बरेच जण रस्त्यानं येत हे खरं, पण मायोर्कासारख्या बेटावर एवढी गर्दी विमानाशिवाय पोचलीच नसती.

यामागचं गणित मला मोठं देखणं वाटतं. स्वस्ताईसाठी विमान कधी अर्धं रिकामं उडता कामा नये आणि जमिनीवर उभंही राहता कामा नये. म्हणून शनिवारी नवी तुकडी पोचवायची आणि त्याच विमानानं गेल्या पंधरवड्याची तुकडी परत आणायची. दोन्ही बाजूंनी विमान भरलेलं. हंगामाची पहिली फेरी मात्र येताना रिकामी आणि शेवटची फेरी जाताना रिकामी, एवढा तोटा धरूनच सगळ्या हंगामाचा हिशेब मांडायचा. दिवसा एक खेप, रात्री दुसरी. उन्हाळ्यात भूमध्य समुद्र, हिवाळ्यात कॅनरी बेटं. हे सगळे करार हंगामाच्या कितीतरी महिने आधी झालेले असत, किंमत माहितीपुस्तकात छापून घरोघर गेलेली असे. त्यानंतर इंधन महागलं, चलन घसरलं, कुठे युद्ध पेटलं, की नुकसान कंपनीच्या अंगावर. १९७३च्या तेलसंकटानं हे सगळ्या युरोपला दाखवून दिलं. १५ ऑगस्ट १९७४ला ब्रिटनची कोर्ट लाइन ही चार्टर कंपनी ऐन सुट्टीच्या हंगामात बुडाली आणि हजारो लोक परदेशात अडकले. डेन्मार्कनं १९७९मध्ये प्रवाशांच्या संरक्षणासाठी हमीनिधी स्थापन केला तो अशाच धास्तीतून. स्टर्लिंग त्या दशकातून तगली.

तोवर तिची ओळख ठरली होती कॅराव्हेल या विमानानं. फ्रान्समधल्या तुलूझचं हे जेट १९५५ला पहिल्यांदा उडालं. दोन्ही इंजिनं शेपटीजवळ, खिडक्या गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणी, आणि नाकाचा भाग ब्रिटिश कॉमेट विमानाकडून जसाच्या तसा घेतलेला. मुंबईकरांनाही ते परकं नव्हतं, १९६४पासून इंडियन एअरलाइन्सकडे कॅराव्हेल होती. स्टर्लिंगनं १९६५पासून ही विमानं घ्यायला सुरुवात केली, आणि सर्वांत लांब असलेलं कॅराव्हेल-१२ जगात पहिल्यांदा तिच्याच ताफ्यात आलं, १९७१मध्ये. एका खेडेगावच्या पाद्र्याच्या कंपनीसाठी तुलूझचा कारखाना विमान लांबवतो, ही गोष्ट मला अजूनही भारावून टाकते.

जेट आल्यावर नकाशा वाढला. कॅनरी बेटांच्या पलीकडे, पूर्वेला, सिलोनपर्यंत. तेव्हा त्या देशाचं नाव सिलोनच होतं, श्रीलंका हे नाव मे १९७२मध्ये आलं. कॅराव्हेल मुळात जवळच्या पल्ल्याचं विमान. कोलंबो ते कोपनहेगन एका दमात तिला झेपणं शक्यच नव्हतं. त्यामुळे वाटेत थांबे: मुंबई, दुबई, अंकारा. आमच्या सांताक्रूझच्या धावपट्टीवर डॅनिश सहलीची विमानं इंधनासाठी उतरत होती ती अशी.

त्या काळचा सांताक्रूझ डोळ्यांपुढे आणताना मला माझे वडील आठवतात. एलटीसी, म्हणजे नोकरीतली प्रवाससवलत, मिळाली की आमची सुट्टी ठरायची, आणि तीही रेल्वेच्या दुसऱ्या वर्गानं. परदेशी जायचं तर रिझर्व्ह बँकेचा पी-फॉर्म, मोजून मिळणारं परकीय चलन. विमानतळावर माणसं जात ती कुणाला पोचवायला, हार घेऊन. आणि तिथेच, काचेच्या पलीकडे, आपल्या वार्षिक रजेवर निघालेली सर्वसाधारण माणसं सिलोनचा समुद्र पाहून घरी परतत होती. मत्सर वाटावा असं यात काही नाही. पण त्यांची रजा आणि आमची रजा यांच्यामध्ये केवढं अंतर होतं, आणि ते अंतर एका देशानं कायदा, पगार आणि एका पाद्र्याचा हट्ट यांच्या जोरावर कसं कापलं, हा प्रश्न मला सोडत नाही.

१४ मार्च १९७२. स्टर्लिंगचं २९६ क्रमांकाचं उड्डाण कोलंबोहून मुंबईला आलं आणि रात्री दुबईकडे निघालं. विमानात १०६ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. बहुतेक डॅनिश, बाकीचे स्वीडिश, नॉर्वेजियन, फिनिश आणि थोडे जर्मन. अरबी समुद्र ओलांडला की ओमानच्या आखाताचा किनारा लागतो, आणि किनाऱ्याला लागूनच कोरड्या, काळपट डोंगरांची रांग. दुबई त्या रांगेच्या पलीकडे, सपाटीवर. वैमानिकांना वाटलं आपण दुबईच्या बरेच जवळ आलो आहोत. ते ठरलेल्या उंचीच्या खाली उतरले आणि कल्बा गावाजवळच्या डोंगरावर विमान आदळलं. एकही माणूस वाचला नाही. उड्डाण आराखड्यातली जुनी झालेली माहिती, किंवा हवामान रडारवरच्या चित्राचा चुकीचा अर्थ, ही चौकशीतून पुढे आलेली संभाव्य कारणं होती. संयुक्त अरब अमिराती हा देश स्थापन होऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. कॅराव्हेल विमानाच्या साऱ्या इतिहासात एवढी माणसं दुसऱ्या कुठल्याही अपघातात गेली नाहीत.

मुंबईला १९७६चा कॅराव्हेल अपघात आठवतो, त्याची कारणंही आहेत. इंडियन एअरलाइन्सचं ते विमान सांताक्रूझवरच कोसळलं, ९५ माणसं गेली. १९७२चं हे विमान इथून सुखरूप उडालं होतं, म्हणून आमच्या स्मरणात त्याला जागा नाही. पण त्या ११२ जणांच्या पायाखालची शेवटची जमीन मुंबईची होती. मला हे जाणवलं आणि त्यानंतर स्टर्लिंग माझ्यासाठी नुसतं दूरच्या कुठल्या कंपनीचं नाव उरलं नाही.

क्रोगागेर यांच्यावर त्या रात्रीचा काय परिणाम झाला असेल? ज्यांच्या घरी मृत्यूची बातमी आली की धीर द्यायला जाणं हेच ज्याचं काम, त्याच्याच कंपनीच्या विमानातून ही माणसं गेली होती. याविषयी मी कल्पना करू धजत नाही. कंपनी चालू राहिली एवढं खरं. पुढच्या वर्षांत बोइंग ७२७ आली, कॅराव्हेल हळूहळू मागे पडल्या.

डेन्मार्कमध्ये या काळात चार्टरचं दुसरं मोठं नाव होतं सिमोन स्पीज. यांच्याइतका क्रोगागेर यांच्या विरुद्ध टोकाचा माणूस शोधून सापडला नसता. मानसशास्त्र शिकलेला, लांब दाढीचा, आपल्या स्वैर आयुष्याच्या बातम्या स्वतःच होऊ देणारा. १९५६ला त्यानं सहलकंपनी काढली, पुढे ‘कॉनएअर’ ही विमानकंपनी. एकीकडे पाद्री, दुसरीकडे हा, आणि दोघांनी मिळून अख्ख्या देशाला दक्षिणेचं ऊन दाखवलं. त्यांच्या चढाओढीनं किमती खाली राहिल्या आणि लाभ झाला तो प्रवाशांचा. स्पीज १९८४ला वारला. वर्षभर आधी, एकसष्टाव्या वर्षी, त्यानं आपल्याच कंपनीत काम करणाऱ्या विशीतल्या यानीशी लग्न केलं होतं. सारा कारभार तिच्या हाती आला, आणि १९८९मध्ये स्पीजच्या कंपनीनं ट्येरबोर्ग विकत घेतली.

स्टर्लिंगच्या घसरणीची सुरुवात मी इथून धरते. क्रोगागेर वृद्ध झाले होते आणि सूत्रं त्यांच्या हातून गेली होती. ज्या सहलकंपनीची माणसं वाहून नेण्यासाठी ही विमानकंपनी जन्मली, ती आता प्रतिस्पर्ध्याच्या घरात होती, आणि त्या घरात स्वतःची विमानं होती. याच सुमाराला स्टर्लिंगनं नवी, महागडी बोइंग विमानं आणली. १९९१चं आखाती युद्ध, त्यानंतर स्वीडन-फिनलंडमधली मोठी मंदी. क्रोगागेर १९९२मध्ये वारले. सप्टेंबर १९९३मध्ये स्टर्लिंग एअरवेजनं दिवाळखोरी पत्करली.

यातली एक गोष्ट मला फार लागते. १ जानेवारी १९९३पासून युरोपीय समुदायात विमानवाहतूक मोकळी झाली. राष्ट्रीय कंपनीचं कुंपण गेलं. समुदायातल्या कुठल्याही परवानाधारक कंपनीनं एका देशातून दुसऱ्या देशात उडावं, हवी तशी खुर्ची विकावी, हवं ते भाडं लावावं. ज्या बंधनांच्या फटीतून स्टर्लिंगनं तीस वर्षं वाट काढली, ती बंधनं सुटली आणि त्याच वर्षी ती संपली. या मोकळिकीचा फायदा पुढे रायनएअर, ईझीजेट यांनी घेतला. भरलेलं विमान, दिवसरात्र उड्डाणं, दाटीनं मांडलेल्या खुर्च्या, दलालाविना विक्री या सगळ्या युक्त्या चार्टरवाल्यांनी आधीच घासूनपुसून ठेवल्या होत्या. स्वस्त विमानप्रवासाचं श्रेय देताना लोक नव्वदच्या दशकापासून मोजायला लागतात. ते मला अन्यायाचं वाटतं.

नाव मात्र मरायला तयार नव्हतं. १९९४ला ‘स्टर्लिंग युरोपियन’ म्हणून उरलेली कंपनी पुन्हा उभी राहिली, नॉर्वेच्या मालकांकडे गेली, मग आइसलंडच्या गुंतवणूकदारांकडे, २००५मध्ये डेन्मार्कचीच मर्स्क एअर ही विमानकंपनी तिच्यात मिसळली. आता ती वेळापत्रकाची स्वस्त कंपनी होती, चार्टरची नव्हे. ऑक्टोबर २००८मध्ये आइसलंडच्या बँका कोसळल्या आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला ही दुसरी स्टर्लिंगही बंद पडली. तिच्यातला काही भाग सिंबर या कंपनीनं घेतला, काही काळ ‘सिंबर स्टर्लिंग’ नाव मिरवलं, २०१२ला तीही गेली. याहून जास्त तपशिलात मला जावंसं वाटत नाही. पाद्र्याच्या घरातून निघालेली गोष्ट १९९३मध्येच संपली होती.

चार्टरची दुसरी बाजू पाहायची तर आपल्याला गोवा पाहावा लागतो. दाबोळीला युरोपातून पर्यटकांचं पहिलं चार्टर विमान आलं १९८५मध्ये, जर्मनीच्या काँडोर कंपनीचं. मग ब्रिटन, फिनलंड, पुढे रशिया. ऑक्टोबर ते एप्रिल हा कळंगुट-कांदोळीचा हंगाम चार्टरच्या फेऱ्यांवर ठरू लागला. टॅक्सी, शॅक, भाड्याच्या खोल्या, मासळी, सगळ्यांचा हिशेब दाबोळीवर उतरणाऱ्या विमानांशी जोडलेला. त्याच गोव्यात १९८७मध्ये ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेनं चार्टर पर्यटकांविरुद्ध निदर्शनं केली. पाणी कुणाला मिळणार, किनारा कुणाचा राहणार, हे त्यांचे प्रश्न होते. आज त्या किनाऱ्यावर फिरताना ते प्रश्न चुकीचे होते असं मला म्हणवत नाही. मायोर्कातही लोक आता रस्त्यावर उतरून हेच विचारतात.

मग क्रोगागेर यांचं स्वप्न चुकलं का? मी बराच काळ या प्रश्नापाशी रेंगाळले आहे. गर्दी नको असं म्हणताना आपल्या मनात नेहमी दुसऱ्यांची गर्दी असते. एकटा, सुखवस्तू प्रवासी अभिरुचीचा म्हणून ओळखला जातो आणि तोच किनारा शंभर जणांनी मिळून, स्वस्तात, पंधरा दिवसांच्या रजेत पाहिला की तो बाजार ठरतो. हे मला मान्य नाही. चूक स्वस्ताईत नव्हती. ज्या गावात विमानं उतरत होती, त्या गावाला त्या हिशेबात भागीदार करून घेतलं नाही, ही चूक होती. माहितीपुस्तकातली किंमत कोपनहेगनला, फ्रँकफुर्टला, मँचेस्टरला ठरायची, आणि कळंगुटच्या खोलीमालकाला ती नुसती कळवली जायची. ब्रिटनची मोनार्क कंपनी २ ऑक्टोबर २०१७ला बुडाली, थॉमस कुक २३ सप्टेंबर २०१९ला. दोघींनीही आपल्या काळात गोव्याला प्रवासी आणले होते. थॉमस कुक गेली ती गोव्याचा हंगाम तोंडावर असताना. दूरच्या एका कार्यालयाला कुलूप लागलं की इथल्या खोल्या रिकाम्या राहतात, ही परवड स्टर्लिंगच्या काळापासून बदललेली नाही.

त्या थॉमस कुकच्या पडझडीतून उत्तर युरोपातला व्यवसाय वेगळा काढून नव्या मालकांनी विकत घेतला. डेन्मार्कमध्ये तो आजही स्पीजच्या नावानं चालतो. त्यांची विमानं उडवणाऱ्या सनक्लास कंपनीची वंशावळ मागे मागे कॉनएअरपर्यंत पोचते, म्हणजे स्पीजच्याच विमानांपर्यंत. ट्येरबोर्ग हे नाव डेन्मार्कच्या बाजारातून गेलं आहे. ते टिकलं फिनलंडमध्ये. हेलसिंकीतल्या एखाद्या कुटुंबानं हिवाळ्यात कॅनरी बेटांची सहल ठरवली, तर त्यांच्या कागदावर आजही त्या डॅनिश खेडेगावाचं नाव छापलेलं असतं.